बेळगाव, कोल्हापूर आणि हुबळी विमानतळ: अंतर व उड्डाणवेळ यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर आणि हल्याळ या भागांतील प्रवाशांना तिकीट काढण्यापूर्वी जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. विमानांची वेळापत्रके आणि मार्ग हंगामागणिक बदलतात. अंतरे मात्र बदलत नाहीत. म्हणून अंतर कसे मोजतात आणि त्यावरून वेळ कशी ठरते, हे समजून घेण्यावर येथे भर दिला आहे.

बेळगाव विमानतळ ते कोल्हापूर विमानतळ हे अंतर किती आहे?

सांबरा येथील बेळगाव विमानतळ आणि उजळाईवाडी येथील कोल्हापूर विमानतळ यांच्यातील सरळ रेषेतील अंतर सुमारे 96 किलोमीटर, म्हणजे जवळपास 52 सागरी मैल आहे. एक सागरी मैल म्हणजे 1852 मीटर. विमानवाहतुकीत अंतर सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये (म्हणजे ताशी सागरी मैलांत) सांगितला जातो, त्यामुळे संकेतस्थळांवर कधी 96 तर कधी 52 हा आकडा दिसतो आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत.

रस्त्याने हेच अंतर 110 ते 115 किलोमीटरच्या घरात जाते. सांबऱ्याहून बेळगाव शहरात येऊन, पुणे–बेंगळूर राष्ट्रीय महामार्गाने संकेश्वर, निपाणी आणि कागल ओलांडून उजळाईवाडीला पोहोचायचे असते. उजळाईवाडी कोल्हापूर शहराच्या अलीकडे, महामार्गाला लागूनच आहे, ही बेळगावकडून जाणाऱ्यांच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

हे अंतर घरी बसून काढता येते का?

येते, आणि एकदा तरी काढून पाहावे, कारण त्यानंतर कोणत्याही संकेतस्थळावरचा आकडा आपल्याला स्वतः पडताळता येतो. बेळगाव विमानतळ सुमारे 15.86 अंश उत्तर अक्षांश आणि 74.62 अंश पूर्व रेखांशावर आहे. कोल्हापूर विमानतळ सुमारे 16.66 अंश उत्तर आणि 74.29 अंश पूर्व येथे आहे. अक्षांशांतील फरक 0.80 अंश आहे. एका अक्षांशाचे अंतर ढोबळमानाने 111 किलोमीटर धरले, तर उत्तर–दक्षिण अंतर सुमारे 89 किलोमीटर येते. रेखांशांतील फरक 0.33 अंश आहे. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जाताना एकमेकींच्या जवळ येत असल्याने आपल्या भागात एका रेखांशाचे अंतर सुमारे 107 किलोमीटरच भरते. त्या हिशेबाने पूर्व–पश्चिम अंतर 35 किलोमीटर होते. आता काटकोन त्रिकोणाचा शाळेत शिकलेला नियम लावायचा: 89 चा वर्ग 7921, 35 चा वर्ग 1225, बेरीज 9146 आणि तिचे वर्गमूळ 96 च्या किंचित खाली.

एवढ्या कमी अंतरावर पृथ्वीच्या गोलाईने फरक पडत नाही. बेळगाव–दिल्लीसारख्या लांबच्या मार्गासाठी मात्र पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावरील सर्वांत जवळच्या वाटेचे सूत्र वापरावे लागते.

बेळगावहून इतर विमानतळ किती अंतरावर आहेत?

सरळ रेषेत मोजल्यास हुबळी सर्वांत जवळ म्हणजे सुमारे 75 किलोमीटरवर आहे. गोव्यातील मोपा विमानतळ सुमारे 80 किलोमीटरवर आणि दाबोळी सुमारे 100 किलोमीटरवर आहे. पुणे सुमारे 310, मुंबई सुमारे 400, हैदराबाद सुमारे 435, बेंगळूर सुमारे 445 आणि दिल्ली सुमारे 1430 किलोमीटर अंतरावर आहे.

यांपैकी मोप्याचा आकडा सर्वाधिक फसवा आहे. नकाशावर तो विमानतळ हुबळीइतकाच जवळ दिसतो, परंतु मध्ये सह्याद्री आहे. चोर्ला घाटाने जा किंवा आंबोलीने, रस्ता शंभर किलोमीटरच्या पुढेच जातो आणि पावसाळ्यात धुके, दरडी आणि अवजड वाहने यांमुळे किती वेळ लागेल हे खात्रीने सांगता येत नाही. हुबळीचा रस्ताही शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, पण तो सपाट महामार्ग आहे. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात पहाटेच्या विमानासाठी घाट उतरून जाण्याचा बेत आखू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बेळगाव ते कोल्हापूर विमानाने किती वेळ लागेल?

येथे ‘वेळ’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करावे लागतात. विमानाची चाके धावपट्टी सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा काळ ही प्रत्यक्ष उड्डाणवेळ होय. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून पोहोचलेल्या ठिकाणी जागेवर थांबेपर्यंतचा काळ म्हणजे ‘ब्लॉक टाइम’. तिकिटावर छापलेल्या सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळा ब्लॉक टाइमच्या असतात.

एटीआर 72 या दोन पंख्यांच्या विमानाचा पूर्ण उंचीवरचा वेग ताशी 500 किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगाने 96 किलोमीटर बारा मिनिटांत पार होतील, असा हिशेब अनेक जण करतात आणि काही संकेतस्थळेही तसाच आकडा देतात. हा हिशेब चुकीचा आहे. इतक्या जवळच्या प्रवासात विमान वर चढते न चढते तोच त्याला उतरायला सुरुवात करावी लागते, त्यामुळे पूर्ण वेग आणि पूर्ण उंची त्याला गाठताच येत नाही. शिवाय धावपट्टीच्या दिशेला तोंड करून उतरण्यासाठी वळसा घ्यावा लागतो. हे सर्व धरले, तर हवेत साधारण 25 ते 30 मिनिटे आणि ब्लॉक टाइम 40 ते 45 मिनिटे होईल, असा अंदाज बांधता येतो.

मग या दोन शहरांमध्ये थेट विमान का चालवत नाहीत?

वरचा हिशेब पुढे नेला की उत्तर मिळते. बेळगावच्या कॅम्प भागातून सांबऱ्याला पोहोचायला अर्धा तास धरा. विमान सुटण्याच्या तासभर आधी चेक-इन काउंटर बंद होत असल्याने किमान दीड तास आधी तेथे असावे लागते. त्यानंतर ब्लॉक टाइमचा पाऊण तास, उतरल्यावर सामान घेऊन बाहेर पडायला वीस मिनिटे आणि उजळाईवाडीहून कोल्हापूर शहरात जायला आणखी वीस मिनिटे. बेरीज सव्वातीन तासांच्या पुढे जाते. मोटारीने हाच प्रवास दोन–सव्वादोन तासांत होतो आणि मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटीही मिळते.

कंपनीच्या बाजूनेही हे परवडत नाही. विमानाला सर्वाधिक इंधन लागते ते वर चढताना, आणि येथे प्रवासाचा मोठा भाग चढण्यातच जातो. उतरण्याचे शुल्क आणि जमिनीवरील व्यवस्था यांचा खर्च प्रवास 96 किलोमीटरचा असला तरी फारसा कमी होत नाही. बेळगाव–हुबळी मार्गालाही हेच लागू पडते. हे तीन विमानतळ एकमेकांना जोडण्यासाठी नाहीत. प्रत्येकाने आपापल्या परिसराला मुंबई, बेंगळूर, हैदराबाद यांच्याशी जोडावे, हीच त्यांची खरी उपयुक्तता आहे.

बेंगळूर, मुंबई आणि हैदराबादला किती वेळ लागतो?

बेळगाव–बेंगळूर मार्गावर एटीआरचा ब्लॉक टाइम साधारण एक तास वीस मिनिटांच्या आसपास असतो. एम्ब्रायरसारख्या लहान जेट विमानाने तो पंधरा–वीस मिनिटांनी कमी होतो. मुंबई अंतराने थोडी जवळ असली तरी वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही, कारण मुंबईच्या आकाशात उतरण्यासाठी रांग असते आणि कंपन्या ती शक्यता धरूनच वेळ छापतात. हैदराबादचा वेळ बेंगळूरसारखाच समजावा. दिल्लीला मोठ्या जेट विमानाने सुमारे अडीच तास धरावेत.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचावा. एकाच मार्गावर सकाळी जेट आणि संध्याकाळी एटीआर असेल, तर दोन्हींच्या वेळांत फरक दिसेल आणि तो फरक योग्यच असेल.

जातानाचा आणि येतानाचा वेळ वेगळा का दिसतो?

याचे मुख्य कारण वारा आहे. विमान हवेत उडते आणि ती हवा स्वतःच वाहत असते. पाठीमागून वारा असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग वाढतो, समोरून असेल तर घटतो. बेळगाव–हैदराबाद हा मार्ग बव्हंशी पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो, म्हणून तेथे हा परिणाम ठळक दिसतो. समजा पश्चिमेकडून ताशी 55 किलोमीटरचा वारा आहे. ताशी 500 किलोमीटर वेगाच्या एटीआरला हैदराबादकडे जाताना 435 किलोमीटरसाठी 47 मिनिटे लागतील, तर परत येताना 59 मिनिटे लागतील. ताशी 800 किलोमीटर वेगाच्या जेटसाठी हाच फरक चार–पाच मिनिटांचा राहील. म्हणजे विमान जितके संथ, तितका त्याला वारा अधिक जाणवतो.

बेळगाव–दिल्ली हा मार्ग दक्षिणोत्तर असल्याने पश्चिमेचा वारा त्याला बाजूने लागतो आणि फरक त्या मानाने कमी पडतो.

सांबऱ्याहून बेंगळूरला निघालेले विमान आधी पश्चिमेकडे का जाते?

खिडकीजवळ बसलेल्या प्रवाशांना हा प्रश्न हमखास पडतो. सांबऱ्याची धावपट्टी जवळपास पूर्व–पश्चिम आहे आणि तिच्या दोन टोकांना 08 व 26 असे क्रमांक आहेत. हे क्रमांक दिशेचे अंश दहाने भागून लिहिलेले असतात: 08 म्हणजे सुमारे 80 अंश, म्हणजे पूर्वेच्या जवळ, आणि 26 म्हणजे सुमारे 260 अंश, म्हणजे पश्चिमेच्या जवळ. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन उडते आणि उतरते, कारण त्यामुळे कमी धावण्यात पुरेसा उचल मिळतो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे विमान बेळगाव शहराच्या दिशेने झेपावते आणि मग वळून आग्नेयेला बेंगळूरची वाट धरते. या वळशात काही मिनिटे जातात. सरळ रेषेतील 445 किलोमीटर आणि विमानाने प्रत्यक्षात कापलेले अंतर यांत जी तफावत असते, तिचा काही भाग या वळशाचा आणि उरलेला ठरवून दिलेल्या हवाई मार्गांचा असतो.

विमानतळाच्या उंचीचा वेळेवर परिणाम होतो का?

वेळेवर फारसा होत नाही, भारावर होतो. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे 758 मीटर उंचीवर आहे आणि तेथील हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास सात टक्के विरळ असते; एप्रिल–मे महिन्यांच्या दुपारी ती आणखी विरळ होते. अशा हवेत विमानाला जास्त धावावे लागते, आणि धावपट्टी तेवढी लांब नसेल तर भार कमी ठेवावा लागतो. सांबऱ्याची धावपट्टी वाढवून सुमारे 2300 मीटरची करण्यात आली आणि 2017 साली नवी टर्मिनल इमारत सुरू झाली, त्यानंतर मोठ्या जेट विमानांचा मार्ग मोकळा झाला.

मी निपाणी, चिकोडी किंवा संकेश्वरला राहतो. मला कोणता विमानतळ सोयीचा?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर जिल्ह्याच्या नावावरून देऊ नये. निपाणी बेळगाव जिल्ह्यात आहे, पण निपाणीहून उजळाईवाडी सरळ रेषेत सुमारे 30 किलोमीटर आणि सांबरा सुमारे 65 किलोमीटर आहे. चिकोडीहून उजळाईवाडी सुमारे 42 आणि सांबरा सुमारे 63 किलोमीटर पडते. अथणीलाही कोल्हापूरच जवळ आहे. संकेश्वर आणि पलीकडील गडहिंग्लज ही दोन्ही गावे जवळपास नेमकी मध्यावर आहेत. तेथील माणसाने अंतर पाहूच नये, ज्या दिवशी ज्या विमानतळावरून सोयीचे विमान असेल तो निवडावा. चंदगड महाराष्ट्रात आहे, पण त्याला सांबराच जवळ. खानापूर आणि बैलहोंगल निःसंशय सांबऱ्याचे. सौंदत्तीला हुबळी थोडे जवळ पडते, आणि कारवार जिल्ह्यातील हल्याळला तर हुबळी सुमारे 35 किलोमीटर आणि सांबरा सुमारे 60 किलोमीटर आहे.

आमच्या नात्यातील एक काका चिकोडीहून मुंबईला निघाले होते. आपला जिल्हा बेळगाव, म्हणून विमानतळही बेळगावचाच, असे धरून त्यांनी सांबऱ्याहून तिकीट काढले. महामार्गावर काम चालू असल्याने ते काउंटर बंद झाल्यावर पाच मिनिटांनी पोहोचले. त्याच दिवशी कोल्हापूरहूनही मुंबईचे विमान होते, हे त्यांना नंतर कळले. सीमाभागात राहणाऱ्यांनी तरी दोन्ही राज्यांतले विमानतळ एकत्र पाहूनच तिकीट शोधावे. कोल्हापूरचा विमानतळ 1939 साली संस्थानकाळात सुरू झाला आणि सांबऱ्याची धावपट्टी 1942 साली दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने बांधली. दोन्ही 1956 च्या राज्यपुनर्रचनेच्या आधीचे आहेत; कोल्हापूर संस्थान 1949 साली मुंबई राज्यात विलीन झाल्यापासून 1956 पर्यंत निपाणीच्या माणसाला या दोहोंमध्ये राज्याची सीमा ओलांडावी लागत नव्हती.

थेट विमान नसेल तर वेळ कसा मोजावा?

दोन उड्डाणांचे ब्लॉक टाइम मिळवून मधल्या थांब्याचा वेळ त्यात घालावा. दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असतील तर पहिले विमान उशिरा आल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीची राहते. वेगवेगळी तिकिटे काढली असतील तर ती आपली. वेगळ्या तिकिटांवर बेंगळूर किंवा मुंबईत किमान तीन तासांचे अंतर ठेवावे. बेंगळूरच्या बाबतीत राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी पोहोचणे हा पर्यायही तोलून पाहावा, कारण केम्पेगौडा विमानतळ शहराच्या उत्तरेला दूर आहे आणि तेथून शहरात यायला बऱ्याचदा उड्डाणाएवढाच वेळ लागतो.

एखादा मार्ग सुरू होतो आणि काही वर्षांत बंद होतो, असे का?

लहान शहरांना जोडणारी केंद्र सरकारची ‘उडान’ योजना 2017 साली प्रत्यक्षात आली. तिच्यात सुमारे 500 किलोमीटर किंवा तासाभराच्या प्रवासाच्या ठरावीक जागांसाठी सुरुवातीला 2500 रुपयांची भाडेमर्यादा होती आणि कंपनीच्या तोट्याची भरपाई अनुदानातून होत असे. हे अनुदान प्रत्येक मार्गाला तीन वर्षांसाठी मिळते. योजनेच्या मार्गवाटपाच्या तिसऱ्या फेरीत बेळगावला अनेक मार्ग मिळाले आणि त्यांपैकी काही मुदत संपल्यावर टिकले नाहीत. म्हणून जुन्या लेखातील मार्गांची यादी पाहून बेत आखू नये.

ब्लॉक टाइम प्रवाशाच्या हक्कांशी कसा जोडलेला आहे?

हे फार थोड्या जणांना ठाऊक असते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, वेळेत न कळवता उड्डाण रद्द केल्यास मिळणारी भरपाई ब्लॉक टाइमवर ठरते. तो एक तासापर्यंत असेल तर 5000 रुपये, एक ते दोन तासांसाठी 7500 रुपये आणि दोन तासांहून अधिक असल्यास 10,000 रुपये. मात्र मूळ भाडे व इंधन शुल्क यांची बेरीज याहून कमी असेल तर तेवढीच रक्कम मिळते. त्यामुळे बेळगाव–बेंगळूर सामान्यतः दुसऱ्या गटात आणि बेळगाव–दिल्ली तिसऱ्या गटात येते. खराब हवामानासारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी ही भरपाई लागू नाही. अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर झाला, तर विमानतळावर थांबलेल्या प्रवाशांना खाणेपिणे देणे कंपनीवर बंधनकारक आहे. ते मागून घ्यावे. संकोच करू नये.

पावसाळ्यात विमान दुसरीकडे वळवले तर किती वेळ जातो?

जुलै–ऑगस्टमध्ये सांबऱ्यावर ढग खूप खाली उतरतात. धावपट्टी ठरावीक अंतरावरून दिसली नाही तर वैमानिक उतरत नाही. तो काही काळ घिरट्या घालतो आणि मग हुबळी, गोवा किंवा निघालेल्या शहराकडे वळतो. यासाठीचे इंधन प्रत्येक विमानात आधीच भरलेले असते. हुबळीला वळवले तर हवेत वीस मिनिटे वाढतात, पण तेथून रस्त्याने बेळगावला यायला दोन तास लागतात. शस्त्रक्रिया, परीक्षा किंवा न्यायालयाची तारीख असेल तर या दोन महिन्यांत आदल्या दिवशीचे विमान घ्यावे.

तिकीट शोधताना बेळगावचे नाव सापडत नाही, काय करावे?

शहराचे अधिकृत नाव नोव्हेंबर 2014 पासून बदलले, तरी काही ठिकाणी जुने इंग्रजी नाव राहिले आहे. अशा वेळी तीन अक्षरी संकेत वापरावा: बेळगावसाठी आयएक्सजी, हुबळीसाठी एचबीएक्स आणि कोल्हापूरसाठी केएलएच. गोव्याच्या बाबतीत विशेष जपावे, कारण दाबोळीचा संकेत जीओआय आणि मोप्याचा जीओएक्स असा शेवटच्या एकाच अक्षराने वेगळा आहे. चोर्ला घाट उतरल्यावर दोहोंच्या वाटा वेगळ्या होतात, त्यामुळे घरातून निघण्यापूर्वीच हा संकेत तिकिटावर वाचून चालकाला सांगावा.